तेरा मिलिमीटर

पत्र जानेवारीत आलं. तपासणी मार्चमध्ये.
सोबत एकोणीस पानांची यादी,
आणि थंडर बेमध्ये त्या दिवशी उणे एकतीस.
आई म्हणाली, चव्वेचाळीस वर्षं दुकान चालवतेय लेम्पी रंताला,
दारातून कुणाला परत पाठवलं नाही.
मग तिनंच एप्रनच्या खिशातून टेप काढली,
लाकूड मोजायची, पिवळी, टोकाशी वाकलेली,
आणि आम्ही आमचंच दुकान मोजायला लागलो
परक्याचं असल्यासारखं.

दार ब्याऐंशी. हवं शहाऐंशी.
तिसरी गल्ली, रंगाचे डबे आणि बर्फाची फावडी यांच्यामधली,
आजोबांच्या पोटाला पुरायची,
चाकाच्या खुर्चीला नाही.
काउंटर माझ्या छातीला लागतं;
लहानपणी मला त्याची खालची बाजूच ठाऊक होती,
वाळलेलं च्युइंगगम, आणि पेन्सिलीनं केलेली कुणाची तरी चुकलेली बेरीज.
दाराची मूठ गोल, पितळी, हातमोज्यातून निसटणारी.
आईच्या बोटांतूनही ती वर्षभर निसटत होती,
हे मला आत्ता कळलं.
टॉयलेटमध्ये आधाराचा दांडा होता, तो बरोबर उंचीवर होता.
त्यावर फरशी पुसायचं फडकं वाळत होतं.

उंबऱ्याशी आई गप्प झाली.
पट्टी उभी धरली. तीस मिलिमीटर.
तेरापर्यंत चालतं.
सतरा जास्त, मी लिहून घेतलं.
ती म्हणाली, देल्फिस.

देल्फिस बुशे. सुतार.
धान्याच्या कोठारावरून पडला त्याला अकरा वर्षं झाली.
तेव्हापासून ट्रक दाराशी लावतो, दोनदा हॉर्न वाजवतो,
आणि मागेल ते आम्ही खिडकीतून देतो:
चार इंची खिळे, सँडपेपर, बिजागऱ्या.
बर्फात मी बिनकोटाचा धावत जायचो.
याला आम्ही सेवा म्हणायचो.
नाताळात त्याला कॅलेंडरही द्यायचो,
त्यावर दुकानाचा आतून काढलेला फोटो.
एवढ्या माणसांनी झिजवला म्हणून मिरवायचो तो उंबरा
त्याच्यापुरता शाबूत होता.

फेब्रुवारीभर ठोकाठोक.
उंचीच्या बारा पट लांब उतार, हे कागदावर सोपं असतं;
बाहेर तो पार्किंगच्या दोन जागा खातो.
सुताराचं बिल मी वहीत दुमडून ठेवलं,
आईनं ते उलगडून पुन्हा तसंच दुमडलं.
ब्रेलची पाटी आली, ती मी उलटी लावली.
चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही,
म्हणजे आमच्या.
पाचव्या दिवशी एका बाईनं तिच्यावरून बोटं फिरवली
आणि हसू दाबत म्हणाली, टॉयलेट शीर्षासन करतंय.

तपासनीस आल्या नाहीत. वादळ, महामार्ग बंद,
नवी तारीख कळवू.
आई नव्या, बुटक्या काउंटरमागे फाईल घेऊन बसून राहिली,
पेपर रद्द झालेल्या मुलीसारखी.

मग दोनदा हॉर्न.
मी उठलो. आई म्हणाली, बस.
तिसरा हॉर्न, जरा चिडका.
मग बराच वेळ काही नाही.
मग ट्रकचं दार, काहीतरी लोखंडी आपटल्याचा आवाज,
फ्रेंचमधली एक शिवी,
आणि चाकांखाली चुरचुरणारं मीठ.

देल्फिस आत आला. टोपी काढली नाही.
खिळ्यांच्या खणात हात घातला, मूठभर उचलले,
वजन पाहिलं, परत ओतले.
एक बिजागरी कानाशी धरून उघडमीट केली.
तिसऱ्या गल्लीतून गेला, वळला, पुन्हा तिसऱ्याच गल्लीतून गेला.
रंगांची नावं मोठ्यानं वाचत होता,
एकेक नाव ऐकून स्वतःच नाक मुरडत.
पाऊण तास.
काय हवंय, असं आईनं विचारलं नाही;
त्या पाऊण तासात ती फाईलमधलं एकच पान वाचत होती.

जाताना मला म्हणाला,
अकरा वर्षं चुकीचा सँडपेपर देतोयस तू.
आणि काहीही विकत न घेता गेला.
दार त्याच्यामागे यादीत म्हटलंय तसं
सावकाश, पाच सेकंदांत मिटलं.